गोल रस्त्याचा पिक्चर

अण्णा, तुझा पाय दुमडेना.

आपल्यात माणसाला मांडी घालून बसवून माती देतात. आप्पांना तसंच बसवलं, आईला तसंच. तुझा डावा पाय नीट दुमडला. उजवा सुजून टम्म झालेला, घोट्यापर्यंत काळा, अत्तर ओतूनही वास मारणारा. स्वामींनी हळूच दुमडून बघितला, मग तुझ्या दोस्ताने, मारुतीने, जोर लावून बघितला, आणि शेवटी तो तसाच पुढे लांब सोडून त्यावर नवं धोतर पसरलं. ज्या पायापायी तू जीव दिलास, तो शेवटच्या घटकेला तुझ्या कामाला आला नाही. बाया रडत होत्या. मी रडले नाही, कारण मला तुझा राग आला होता, आणि तो अजून उतरलेला नाही.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची पद्धत आहे. शाळेतल्या सहकाऱ्यांनी मला तसं सुचवलंही: भाऊ हसतमुख होता, परोपकारी होता, असं काहीतरी लिहा. हसतमुख तर तू होतासच. हसण्यानेच घात केला.

माझ्या लहानपणी आपल्या औरादच्या बसस्टँडमागे पत्र्याचं शेड होतं, त्याला सगळे नुसतं 'व्हिडिओ' म्हणायचे. खाली सतरंज्या, समोर टेबलावर टीव्ही, त्याखाली टेप घालायचं मशीन. गावात मराठी, कानडी, दखनी, थोडी तेलुगू, सगळ्या भाषा चालतात, पण इंग्रजी कोणालाच यायची नाही. म्हणून इंग्रजी पिक्चर लागला की टीव्हीशेजारी एक सांगणारा उभा राहायचा. कोण काय बोललं, कोण चांगलं, कोण वाईट, हे तो ओरडून सांगायचा. ते काम तुला मिळालं. दहावीला इंग्रजीत नापास झालेल्या पोराला इंग्रजी पिक्चर सांगायला उभं करणारं गाव दुसरं शोधूनही सापडायचं नाही.

पिक्चर पुष्कळ यायचे, पण तुझा म्हणून एकच होता, मोटारींच्या शर्यतीचा. टेपच्या सुरुवातीचा भाग तुटलेला, त्यामुळे त्याचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. गाव त्याला 'गोल रस्त्याचा पिक्चर' म्हणायचं. हैदराबादहून आलेली ती टेप परत गेलीच नाही, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तोच पिक्चर लागायचा. बाजाराला आलेली माणसं पिशव्या मांडीवर घेऊन बसायची.

तू गेल्यापासून मी तो पिक्चर मनात कितीदा तरी बघितला. साध्या रस्त्यावरच्या मोटारी, फक्त अंगावर मोठाले आकडे रंगवलेले. दारं वेल्डिंगने बंद केलेली, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरायचा. एक भला मोठा अंड्याच्या आकाराचा रस्ता आणि त्यावर सगळ्यांनी डावीकडेच वळत राहायचं, पुन्हा पुन्हा, एकमेकांच्या गाडीला ढुशा देत. मधेच गाडी आत यायची, डोळ्याचं पातं लवतं तोवर माणसं चारी चाकं बदलायची की ती परत बाहेर. चाकं बदलली की अख्खं शेड टाळ्या वाजवायचं. कोण जिंकतंय यापेक्षा चाकं कशी बदलतात, याचंच आपल्या लोकांना जास्त अप्रूप होतं. मी फ्रॉकातली पोर, तुझ्यामुळे मला आत सोडायचे. मी टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसायचे आणि माझी मान आपोआप डावीकडे कलायची.

हिरोचं नाव तू शंकर ठेवलं होतंस. म्हातारा मेकॅनिक मामू. निळ्या गाडीतला, जाड सिगार ओढणारा तो नवाब. गोऱ्या माणसांच्या तोंडी तू औरादची भाषा घातलीस, आणि ती त्यांना इतकी शोभायची की पुढे कधी कुठला गोरा माणूस दिसला की तो आता 'कामून' म्हणेल असं मला वाटायचं.

सगळ्यांचा जीव अडकायचा तो दवाखान्याच्या सीनपाशी. शंकरची गाडी उलटते, पेट घेते, त्याचा उजवा पाय चेंगरतो. पांढऱ्या कोटातला डॉक्टर पलंगाशेजारी उभा राहून हळू आवाजात काही बोलतो. तू सांगायचास की डॉक्टर पाय काढायचं म्हणतोय. मग शंकर उशीवरून मान वळवतो आणि ओठ हलवतो. तिथे तू थांबायचास. अख्खं शेड श्वास धरायचं. आणि तू छाती काढून म्हणायचास, "डॉक्टर, पाय काढून ठेवलास तर गाडी काय तुझा बाप चालवनार हाय का?"

शिट्ट्यांनी पत्रे हलायचे.

त्यानंतर पिक्चरच नव्हता. टेपच्या उरलेल्या भागावर व्हिडिओवाल्याने आपल्या भाच्याचं लग्न भरून घेतलं होतं. डॉक्टर मागे वळायचा आणि एकदम भालकीचा मांडव सुरू व्हायचा. दुसऱ्या कोणी मशीन बंद केलं असतं. तू लग्नावरच शर्यत सांगायचास. नवरदेव घोड्यावरून यायचा तेव्हा शंकर लंगडत गाडीत शिरायचा, अक्षता पडायच्या तेव्हा शेवटची फेरी, आणि नवरी सासरी जाताना रडायला लागली की नवाब हरलेला असायचा. लोक त्या रडणाऱ्या नवरीकडे बघून टाळ्या पिटायचे. असं दुसरीकडे कुठे झालं असेल असं मला वाटत नाही. तू गुणी होतास रे, ते मी कधीच नाकारलं नाही.

हायस्कूलात माझं इंग्रजी सुधारलं तशी मला शंका यायला लागली. टीव्हीचा आवाज बारीक असायचा आणि तुझा मोठा, तरी शंकर फार थोडे शब्द बोलतो एवढं मला कळायचं. तुझ्या डायलॉगएवढं त्याचं तोंडच हलत नव्हतं. मी तुला घरी विचारलं, तू हसलास. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांदेखत मला उभं केलंस आणि म्हणालास की ही मडम झालीय, आजपासून ही सांगणार. मला एक अक्षर सुचलं नाही. लोक हसले, तू सगळ्यात जास्त हसलास. रडत घरी आले. त्या एका गोष्टीवरून आपलं भांडण सुरू झालं ते कधी मिटलंच नाही. शंकर तसं म्हणतच नाही, असं मी म्हणायचे, आणि तू म्हणायचास की औरादमध्ये म्हणतो.

पण आप्पांनी माझं लग्न ठरवायला घेतलं तेव्हा आडवा आलास तो तूच. पोरगी शिकतीय म्हणजे शिकतीय, एवढं बोलून जेवणावरून उठलास. त्या वेळी तू औराद-बिदर सवारी जीप चालवायला लागला होतास. माझ्या कॉलेजची सगळी वर्षं तुझ्याशेजारची जागा माझी, कितीही गर्दी असो. माणसं टपावर बसली, मागे लोंबकळली, पण माझ्या शेजारी तू कोणाला बसू दिलं नाहीस. मी आज बिदरला इंग्रजी शिकवते ते तुझ्या जोरावर. हे तुला कधी तोंडावर बोलले नाही. बोलले असते तर तू ते चारचौघांत नक्कल करून दाखवलं असतंस.

जीपचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार तू वेल्डिंग करून टाकलंस. शंकर खिडकीतून शिरतो म्हणून तूही शिरायचास. तरणा होतास तोवर ते दिसायलाही बरं दिसायचं, कॉलेजच्या मुली वळून बघायच्या. पुढे साखर लागली, पोट सुटलं, तरी दार काही उघडलं नाहीस. अर्धा आत, अर्धा बाहेर, असा अडकायचास आणि मारुती आतून काखेत हात घालून ओढायचा. तुझा हा बालमित्र शेडच्या दिवसांपासून तुझ्या जीपचा क्लीनर. स्टँडवरची माणसं हसायची. तुला वाटायचं, ती तुझ्याबरोबर हसतायत.

इंजिनाच्या तापाने एक्सिलरेटरजवळचा पत्रा तव्यासारखा तापायचा. त्याने तुझ्या तळव्याला फोड आला आणि साखरेने पाय बधिर झालेला असल्यामुळे तुला तो कळलाच नाही. वहिनीला वास आला तेव्हा कळलं. तिने हळद लावली, मारुतीने कुठलासा मलम आणला. तू सवाऱ्या मारतच होतास. कलबुर्गीच्या दवाखान्यात आणलं तोवर अंगठा काळा झाला होता.

तो तरुण डॉक्टर चांगला होता, अण्णा. त्याने कानडीत नीट समजावलं. घोट्याच्या वर कापावं लागेल, आज कापलं तर माणूस वाचतो, विष वर चढलं तर नाही. पलंगाभोवती औरादची माणसं उभी होती, मारुती पायाशी. सगळ्यांच्या तोंडावर मला तेच दिसलं जे शेडमध्ये दिसायचं. श्वास धरून उभी होती मेली. आणि तू उशीवरून मान वळवलीस, अगदी शंकरसारखी, आणि डायलॉग मारलास. डॉक्टरला मराठी कळलं नाही. तर तूच तो त्याला कानडीत पुन्हा सांगितलास. वॉर्डात शिट्टी वाजली. नर्स ओरडली. डॉक्टर लाल होऊन निघून गेला.

मी एकेकाला बाहेर नेऊन सांगितलं की त्याला समजवा. मारुती म्हणाला, "अण्णा वाघ हाय. आनि तायी, पाय न्हाई तर उद्या माती देताना बसवायचं कसं?" जिवंत माणसाच्या वॉर्डाबाहेर उभा राहून हा माणूस तुला कसं बसवायचं याची चिंता करत होता. वहिनीला म्हटलं, तू तरी बोल. ती पदराने डोळे पुसत म्हणाली की त्यांनी एवढ्या लोकांत सांगून टाकलंय, आता मी कसं बोलू. तुम्हा सगळ्यांना एका दावणीला बांधून मारावं असं मला त्या दिवशी वाटलं.

मग मी बाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवर तो पिक्चर शोधला. गोल रस्ता, उलटलेली गाडी, सिगार ओढणारा प्रतिस्पर्धी, लंगडा ड्रायव्हर, सुचेल ते टाकत गेले. सापडला. अख्खा, आपल्या त्या भालकीच्या मांडवाशिवाय. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. दवाखान्याचा सीन मी उभी राहून बघितला. डॉक्टर खरंच पाय काढायचं म्हणतो, तेवढं तू बरोबर ओळखलं होतंस. आणि शंकर मान वळवून विचारतो, पाय काढल्यावर मला घरी कधी सोडाल? डॉक्टर सांगतो, लवकर. शंकर म्हणतो, मग काढा. एवढंच. पुढे तो कुबडी घेऊन घरी जातो, दिवसचे दिवस कोणाशी बोलत नाही, आणि शेवटी मामूच्या जागी उभा राहून दुसऱ्यांच्या गाड्यांची चाकं बदलतो. नवाबच्याही. शर्यत कोण जिंकतं ते आता मला आठवतही नाही. तो चाक बदलून मागे सरकतो आणि हसतो, ते आठवतं.

वहिनी खाली डबा आणायला गेली होती, तुझ्याभोवती कोणी नव्हतं. मी मोबाइल तुझ्या तोंडासमोर धरला आणि एकेक ओळ मराठीत सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा मी सांगणारी होते आणि तू बघणारा. मला वाटलं, आता हा मानेल. तू पूर्ण बघितलंस. मग मोबाइल बाजूला सारलास.

"मी बघितलोय ते, सुमे," तू म्हणालास. "लई वर्सं झाली. हैदराबादला लॉजात टीव्हीवर लागला होता. म्हनला असंल तो काढा म्हनून."

मग कशासाठी हे सगळं करायलास, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"आता व्हय म्हनलो, तर त्या समद्यांला काय सांगू?"

एवढंच बोललास. कोणाला सांगायचं होतं रे? मारुतीला? बाजारात भाजी विकून शिट्टी मारायला येणाऱ्यांना? त्यांना आठवडाभर चघळायला एक गोष्ट मिळाली असती आणि मग ते विसरले असते. वहिनी डबा घेऊन आली तेव्हा तू तिच्याशी भाजीत मीठ जास्त झाल्यावरून हसत बोललास. मी भिंतीकडे बघत बसले. डॉक्टर पुन्हा आला, मी हात जोडले, तू नाही म्हणालास. विष वर चढलं. शेवटी बडबडायला लागलास, कधी कानडीत, कधी मराठीत, आणि मला वाटलं तू लग्नावर शर्यत सांगतोयस, पण तू नुसतं पाणी मागत होतास. आठवड्याच्या आत सगळं संपलं. गाव म्हणालं, अण्णाने डायलॉग खरा करून दाखवला. अभिमानाने म्हणालं. मातीला आलेल्या एकाने मला ते तोंडावर ऐकवलं आणि मी त्याला तिथून हाकलून दिलं.

तुझे दिवस झाले, जेवणं झाली. मग मारुतीच्या डोक्यात आलं की अण्णाच्या नावाने पिक्चर दाखवायचा. व्हिडिओवाल्याच्या मुलाकडे ती जुनी टेप अजून होती. ती हैदराबादला नेऊन पेन ड्राइव्हवर उतरवून आणली, लग्नासकट. सगळ्यांना तीच हवी होती. मंगल कार्यालयात दुपारी पडदे ओढून अंधार केला, भिंतीवर पांढरी चादर लावली. आणि सांगायला मला उभं केलं. तायीला इंग्रजी येतं, अण्णाचा वारसा तायीने चालवावा, असं ठरलं. मी नाही म्हणणार होते. पण वहिनी पहिल्या ओळीत येऊन बसली होती, गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा केस विंचरून. मी उभी राहिले.

आणि खरं सांगते, मला मजा आली. शंकर, मामू, नवाब, सगळ्यांना मी तुझीच भाषा बोलायला लावली. चाकं बदलली तेव्हा म्हातारी झालेली माणसं पोरांसारखी टाळ्या वाजवत होती. मला तू इतका आठवलास की मधेच थांबून थोडं पाणी प्यायले.

मग गाडी उलटली. दवाखाना आला. डॉक्टरने पाय काढायचं म्हटलं. शंकरने मान वळवली आणि सगळ्यांनी श्वास धरला. चादरीवरच्या उजेडात मला पहिली ओळ स्पष्ट दिसत होती. वहिनी ओठ विलग करून वाट बघत होती. तिच्या शेजारी मारुती, उजवा पाय पुढे लांब केलेला, पायाला बँडेज, चप्पल बसत नाही म्हणून पिशवी बांधलेली. त्यालाही साखर आहे, हे मला तू गेल्यावर कळलं. बँडेज पिवळं झालं होतं. दोन बोटं तोंडात घालून तो शिट्टी मारायला तयार बसला होता.

मी म्हटलं, "हिरो इचारायलाय, डॉक्टर, पाय काढल्यावर मला घरला कवा सोडता? डॉक्टर म्हनतो, लवकर सोडतो. हिरो म्हनतो, मग काढा."

कोणी शिट्टी मारली नाही. मागून एक जण हसला, त्याला वाटलं मी विसरले. त्याने तुझा डायलॉग मोठ्याने म्हणून दाखवला, एकदोघांनी साथ दिली आणि तेही गप्प झाले. मी पुन्हा सांगितलं की पिक्चरमध्ये हेच आहे, मी अख्खा बघितलाय, तो पाय काढतो आणि जगतो. भिंतीवर भालकीचं लग्न सुरू झालं होतं. त्याच्यावर मी काही सांगितलं नाही. नवरदेव आला, अक्षता पडल्या, नवरी रडली, लोक तसेच बसून राहिले. वहिनी मधेच उठून बाहेर गेली. मारुतीने बोटं तोंडातून काढली होती आणि तो आपल्या पायाकडे बघत होता.

तुझ्या दोस्तांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. मेलेल्या भावाला चारचौघांत खोटं पाडलं, असं ते म्हणतात. म्हणू देत. मारुती कलबुर्गीला जाऊन आला. त्याचं अर्धं पाऊल काढलंय. त्याने मला फोन केला नाही, त्याच्या बायकोने केला, आणि तीही फार गोड बोलली नाही.

परवा वहिनी बिदरला माझ्या घरी आली. मी चहा दिला, तो तसाच निवला. मग तिने विचारलं, "त्या पिक्चरमधी खरंच तसं हाय?"

मी व्हय म्हटलं.

"यांला ठावं होतं का?"

अण्णा, तिचे डोळे मी बघितले. तू नसताना तिने पुढची सगळी वर्षं काढायची आहेत, त्याच घरात, त्या दार न उघडणाऱ्या जीपसमोर. भोळेपणाने फसलेला नवरा आठवत ती जगू शकेल. सगळं माहीत असून तिच्यापेक्षा शिट्ट्या निवडणारा नवरा तिला कसा सोसेल?

"न्हाई," मी म्हटलं. "अण्णाला ठाऊक नव्हतं."

ती बरं म्हणाली. पदर डोळ्यांना लावून बराच वेळ रडली, आणि रडून झाल्यावर तिने तो गार चहा पिऊन टाकला. हे मी तुझी अब्रू राखायला केलेलं नाही, एवढं ध्यानात ठेव. तुला सगळं ठाऊक होतं, हे आता माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. त्याचा राग मी कोणावर काढायचा, तेवढं तरी सांगून जायचं होतंस.